आई काय म्हणाली

"दिवसभर बोलायला कुणी नसतं रे. घर खायला उठतं," जेवताना आई म्हणाली. श्रीकरकडे लंडनला येऊन तिला महिना झाला होता.

सुनेला, क्लेअरला, मराठी येत नव्हतं. सासूचा चेहरा पाहून तिनं नवऱ्याला विचारलं, "इज शी शेअरिंग, ऑर कम्प्लेनिंग?"

ऑफिसातून दमून आलेल्या श्रीकरनं मानही वर केली नाही. शेअरिंग म्हटलं, तर सगळं उलगडून सांगावं लागलं असतं.

"कम्प्लेनिंग," तो म्हणाला.

क्लेअर दुखावली. सासूशी हसून, पण अंतर राखून वागू लागली. आठवड्याभरात आईनं बॅग भरायला घेतली. "माझी अडचण होतेय तिला. काही चुकलं असेल, तर माझ्या वतीनं सॉरी म्हण."

दारात उभ्या क्लेअरनं इंग्रजीत विचारलं, "आता काय म्हणाल्या?"

या वेळी श्रीकरनं सगळं सांगितलं, त्या दिवशीचा शब्द चुकीचा होता हेही. क्लेअर सासूजवळ बसून बॅगेतल्या साड्या बाहेर काढू लागली.

भांबावलेल्या आईनं विचारलं, "एवढं काय सांगितलंस रे तिला?"

ते मात्र श्रीकरला मराठीतही सांगता येईना.