एक आणि नऊ

दार मुलीने उघडलं आणि दबक्या आवाजात आधीच सांगून टाकलं, "ताई, बाबांपुढे पुस्तकांचा विषय काढू नका. वाचणं सोडलंय त्यांनी."

पाहुणीने हातातलं पाकीट नकळत पाठीमागे नेलं.

ती एका प्रकाशनसंस्थेत अक्षरांची वळणं रेखाटायची. पाठ्यपुस्तकं, संशोधनाचे अहवाल, डॉक्टरांच्या पुस्तिका असलं गंभीर वाचन ज्यांना रोज करावं लागतं, त्यांच्यासाठी तिने चार वर्षं खपून नवा टाइप घडवला होता. सगळ्या रेघा एका जाडीच्या, टोकांना कुठे फुलोरा नाही. तासन्‌तास वाचलं तरी डोळा शिणू नये, एवढाच हट्ट. मुलीचे वडील त्याच संस्थेत तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. पानावरून मुंगी गेली तरी काका 'अनुस्वार जादा' म्हणून लाल खूण करतील, अशी त्यांची ख्याती.

मग डॉक्टरांची पुस्तिका निघाली. नव्या टाइपातलं पहिलंच पुस्तक. लहान मुलांच्या औषधांच्या तक्त्यात एकाच्या जागी नऊ पडला होता आणि काकांच्या नजरेतून तो सुटला. इस्पितळातली एक परिचारिका मात्रा भरायला गेली, तर अख्ख्या कुपीत तेवढं औषधच नव्हतं, म्हणून थबकली. मूल बचावलं. सगळ्या प्रती परत मागवाव्या लागल्या. संचालकांनी काकांना सगळ्यांदेखत विचारलं, नजर गेली होती तर सांगितलं का नाही. काकांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि म्हणाले की आत्ताही त्यांना तिथे नऊ नाही, एक दिसतोय. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून काका कामावर आले नाहीत.

हे चाललं होतं तेव्हा ती त्याच टेबलाशी बसली होती. पाण्याच्या पेल्याकडे बघत. त्याला आता सात महिने झाले होते.

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, बिनचष्म्याचे. मांडीवर काही नाही, हातात काही नाही. मुलीने येता येता सांगितलं होतं की त्यांनी कपाटभर पुस्तकं वाटून टाकली. रस्ता एकट्याने ओलांडत नाहीत. औषधाच्या पट्टीवरचं नावसुद्धा तिच्याकडून वाचून घेतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. काकांचं म्हणणं, भला माणूस आहे, म्हाताऱ्याचं मन राखतो.

म्हणजे काकांची नोकरी सुटली ही तर सगळ्यांत लहान गोष्ट होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

वाटभर घोकलेली वाक्यं तिने बाजूला ठेवली. मग तिने सरळ सांगायला सुरुवात केली. नऊच्या आकड्याला एक जादा बाक असतो. ओळ एकसारखी दिसावी म्हणून तिने तो छाटून इवलासा केला होता. अक्षर बारीक छापलं की एक आणि नऊ जुळ्या भावांसारखे दिसायला लागतात. चूक काकांच्या डोळ्यांची नव्हतीच. तिच्या अक्षराची होती.

तिने पाकिटातून कागद काढला. वीस जणांना नव्या टाइपातला आकड्यांचा तक्ता वाचायला देऊन कुणी काय वाचलं, ते त्यावर टिपलं होतं. सात जणांनी नऊला एक म्हटलं होतं.

काकांनी चष्मा मागितला. मुलीने तो खणातून काढून पदराने पुसून दिला. काकांनी कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"या सात जणांची वयं?"

"सगळ्यांत मोठा पंचवीसचा, काका. विद्यार्थी आहेत सगळे."

काकांचं बोट ओळीओळीने खाली गेलं, पुन्हा वर आलं. "म्हणजे डॉक्टर खोटं बोलत नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मुलीला वर्तमानपत्र आणायला सांगितलं. घरात येत नव्हतं, म्हणून ती शेजारून घेऊन आली. काकांनी पहिल्या पानावरचा मथळा मोठ्याने वाचला. मग त्याखालची बारीक अक्षरातली बातमी वाचली, कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची, शेवटच्या ओळीपर्यंत. वाचता वाचता एक काना राहिलेला दिसला तेव्हा त्यांनी खिसा चाचपला. लाल पेन नव्हतं. मुलगी चहाचं निमित्त करून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाहुणी उठली. ज्यासाठी आली होती ते झालं होतं. काकांना डोळे परत मिळाले होते. उद्या संचालकांकडे जाऊन नऊचं वळण बदलायचं, तिथेही सगळं सांगायचं, हे तिने येतानाच ठरवलं होतं. जेवढं सांगायचं ठरवलं होतं, तेवढं.

काकांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी नजर गेली, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीसुद्धा. आणि तू माझ्यासाठी वीस माणसं गोळा करून चाचणी घेतलीस. पोरी, हे उपकार मी कुठे फेडू?"

आतून कपबशा आल्या. मुलीचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. तिनेही हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पाहुणीच्या मनात आलं. चहा प्यायचा आणि निघायचं. कुणी काही विचारणार नव्हतं, आणि काकांचं सुखही तसंच राहिलं असतं.

तिने कप खाली ठेवला.

"काका, ही चाचणी मी तुमच्यासाठी घेतली नव्हती," ती म्हणाली. "ती पुस्तिका छापायला गेली, त्याच्या आदल्या महिन्यातली आहे ती."