पंधरा, फार तर सोळा

नाण्यांच्या पारख्याने एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला आणि चष्मा कपाळावर चढवला. बरगड्यांच्या मधोमध एक पांढराशुभ्र गोल दिसत होता.

"छाप दिसत नाही, पण आकार तोच," तो म्हणाला. पहिल्या नातवाचा फोटो हातात आल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता.

ज्याच्या बरगड्या होत्या तो म्हातारा मागेच खाटेवर बसला होता. कालपासून त्याला थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. मुलगा गिऱ्हाईक घेऊन घरी आला, तेव्हा चांदीचं हे जुनं नाणं विकलं जाऊ नये म्हणून म्हाताऱ्याने ते तोंडात टाकलं. गालात लपवायचं होतं, ते अन्ननलिकेत जाऊन बसलं. रात्रभर म्हातारी त्याच्या हनुवटीखाली वाडगा धरून होती. तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "तोंडातून दुर्बीण घालायची, चिमट्याने नाणं पकडून बाहेर ओढायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. पण आत्ताच करायला हवं. उशीर झाला तर आतून फाटेल."

"चिमट्याला दात असतात?" मुलाने विचारलं.

"असतात. नाहीतर निसटेल."

"म्हणजे ओरखडा पडणार."

"घशाला फारसं काही होत नाही हो. काळजी करू नका."

"घशाचं नाही विचारलं मी. दुसरा काही मार्ग?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आहे. नाणं आत पोटात ढकलायचं. एवढं मोठं आपोआप पुढे सरकणार नाही, म्हणून पोट फाडून काढायचं. ब्याऐंशी वय, त्यात हे असलं हृदय. टेबलावरून परत येतील असं मी लिहून देणार नाही."

माणसाला लाज वाटावी म्हणून त्या असं बोलल्या असणार. पण लाज कोळून प्यायलेल्याला काय वाटायचं? मुलगा पारख्याकडे वळला. "काका, ओरखड्याने किती फरक पडेल?"

"ते किती नाणी उरलीत त्यावर आहे," म्हणत पारख्याने पिशवीतून कागदांची चळत काढली आणि खाटेवरच, म्हाताऱ्याच्या पायांशी पसरली. "पाडली होती चाळीस हजार. सरकारनेच परत मागवून बहुतेक वितळवली. चांदी महागली तेव्हा उरलेल्यांचे लोकांनी चमचे नि वाट्या केल्या. आता बघ. तीस वर्षांत लिलावात, संग्रहालयांत, दुकानांत मिळून एकतीस वेळा हे नाणं माझ्या नजरेखालून गेलं. पण प्रत्येकाच्या खुणा जुळवून पाहिल्या, तर नाणी अकराच. तीच तीच फिरताहेत. गेल्या आठ वर्षांत नवं एकही आलेलं नाही. कुणाच्या पेटीत चार-पाच दडलेली असतील. पंधरा धर. फार तर सोळा."

"आणि बिनओरखड्याची?"

"दोन. एक संग्रहालयात, एक..." त्याने बोटाने म्हाताऱ्याच्या छातीकडे दाखवलं.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण ऐकलेले असतात. या दोघांना मढं होईपर्यंतही दम नव्हता.

"ओरखडा पडला तर ते बाकीच्यांत जमा," पारखी म्हणाला. मुलाने मान डोलावली. "मग पोटच."

"अरे, बाप आहे तो तुझा!" म्हातारी ओरडली. मग नवऱ्याचा दंड धरून रडू लागली. "अहो, तुम्ही हो म्हणा चिमट्याला. मी पाया पडते तुमच्या."

"पेशंट शुद्धीवर आहे. विचारायचं तर त्यांनाच," म्हणत बाईंनी म्हाताऱ्याच्या हातात कागद-पेन दिलं.

म्हाताऱ्याचं लक्ष मात्र पारख्याकडेच होतं. 'दोन' हा आकडा ऐकल्यापासून तो हसत होता आणि हसताना थुंकीची तार वाडग्यात लोंबत होती. त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, "दात नकोत. पोट फाडा."

ते वाचून म्हातारीचं रडणं थांबलं. जन्माचा जोडीदार तिच्याकडे बघतही नव्हता. एका नाण्यावर ओरखडा पडू नये म्हणून तो तिला विधवा करायला निघाला होता. जन्मदाता आणि पोटचा पोर कधी नव्हे ते एका मताचे झाले, तेही यात!

"मी नाही फाडणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरीकडे न्या."

"नेतो की," म्हणत मुलाने फोन काढला आणि नंबर शोधू लागला.

पारख्याने यादी पुन्हा उघडली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि हळू आवाजात मुलाला विचारलं, "मालकाच्या रकान्यात आता तुझंच नाव घालू ना? पुन्हा खोडाखोड नको."

"घाला," मुलगा फोनवरची नजर न काढता म्हणाला.

म्हाताऱ्याचा घसा बंद होता, कान उघडेच होते. त्याचं हसू मावळलं. त्याने गुडघ्यावरचा कागद ओढला, आधीचं लिहिलेलं गिरगटून टाकलं आणि खाली, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं, "चिमटाच. दातांचा."

कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात देता देता त्याने तो परत ओढला आणि आणखी एक शब्द लिहिला. बाईंनी वाचला.

"जोरात."

"बाबा, अहो बाबा, असं काय करता?" मुलगा खाटेशी धावला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत जगायची इच्छा होती, यात शंका नाही.

खाट ढकलत बाहेर नेताना बाईंनी म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नका आजी. सगळं ठीक झालं तर उद्या सकाळीच घरी नेता येईल त्यांना."

म्हातारीने पदराने बोटं पुसली, एकेक करून, दहाही.

"ठेवून घ्या हवं तर," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."