टांझानियात जाऊन येते

दवाखान्याची लाँच बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि बेटाच्या खासदार सौमूबाई तोच प्रश्न घेऊन अकराव्यांदा राजधानी डोडोमाच्या संसदेत निघाल्या होत्या. धक्क्यावर ऑक्टोपस वाळत घालणारी म्वानाइदी ओरडली, "अगं सौमू, परत टांझानियात चाललीस? लाँच राहू दे, या वेळी निदान एक चांगली कढई तरी आण!" बेटही टांझानियाचंच, पण मुख्य भूमीला बेटावर सगळे असंच म्हणतात.

सभागृहात दमलेल्या बाईंच्या तोंडूनही तेच निसटलं. "अध्यक्ष महाराज, अडलेल्या बाईला आम्हाला शिडाच्या होडीतून टांझानियात आणावं लागतं हो!"

झालं! समोरचे बाकांवरून उठले. "मग तुमचं बेट काय परदेशात आहे?" "शब्द मागे घ्या!" बेट हा देशाचा अविभाज्य भाग आहे, असं मंत्र्यांनी ठणकावलं, बाकं वाजली आणि वेळ संपली. लाँचचं उत्तर लेखी पाठवू म्हणाले.

चार महिन्यांनी ते उत्तर बेटावर पोचलं.


मंत्रालयाने पाकिटावर तिकिटं लावली होती, परदेशी टपालाची.