पाठलाग

“माह्या नावावरची जखम त्याची हाय, छाया. तेवढा कागद दुरुस्त करून घेजो. बापूराव जित्ता हाय तोवर.”

नवऱ्याचं हे शेवटचं सांगणं कानात घेऊन छायाबाई माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या टेबलापाशी उभ्या होत्या. अच्युत नावाचा कारकून त्यांच्या नवऱ्याचं, चंद्रभान हवालदारांचं, फौजेतलं डिस्चार्ज बुक उलटसुलट करून पाहत होता.

“म्हंजे काकू, काकाजी जखमी झालेच नाई?”

“झाले न. गुडघा मोडला. कोंबडीमांगं धावता धावता.”

अच्युतनं पेन खाली ठेवला.

चंद्रभान आणि आष्टीचे बापूराव एकाच दिवशी फौजेत भरती झाले, म्हणून दोघांचे नंबर पाठोपाठचे. सीमेवरच्या चौकीत दोघं एकाच दिवशी जखमी झाले आणि एकाच गाडीतून इस्पितळात गेले. तिथं कोणा लिहिणाऱ्याची नजर एक ओळ खाली घसरली. बापूरावांच्या मांडीत घुसलेला तोफगोळ्याचा तुकडा चंद्रभान यांच्या नावावर चढला आणि चंद्रभान यांची कोंबडी बापूरावांच्या. ‘कोंबडी पकडताना, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दुखापत.’

चंद्रभान यांनी चूक सांगितली नाही. पहिल्या वर्षी त्यांना लाज वाटली. दुसऱ्या वर्षी गावानं हार घातला. तिसऱ्या वर्षापासून झेंडावंदनाच्या दिवशी त्यांचा पाय जरा जास्तच लंगडू लागला. तिकडं आष्टीत बापूरावांचं कोणी खरं मानलं नाही, कारण कागद होता ना! ते बाजारात दिसले की कोंबड्या विकणारे खुराडी झाकून घेत. “सांभाळा रे, फौजी आला!” बाजार पोट धरधरून हसे. मांडीत लोखंड घेऊन फिरणारा तो माणूस भाजीची पिशवी उचलून मुकाट्यानं घरी जाई.

“काकू, इथं लोकं वाढवाले येतात,” अच्युत म्हणाला. “कमी कराले आलेल्या तुमी पहिल्याच.”

छापील अर्जात नाव, जन्मतारीख, वारस असे रकाने होते. शौर्य परत करण्याचा रकाना नव्हता. पण अच्युत मनानं भला. त्यानं कोरा कागद घेतला आणि छायाबाईंच्या वतीनं स्वतःच अर्ज लिहायला बसला. अर्ध्यावर येऊन थबकला.

“कोंबडी कशी लिहाव काकू सरकारी कागदात?”

“बापूरावांच्या कागदात हाय न.”

“ते इंग्रजीतली कोंबडी हाय. मराठीत बरी नाई दिसत. असं करू, ‘पाठलाग करताना’ लिहू. अर्थ तोच.”

अर्थ तोच होता. छायाबाईंनी देवाचं नाव घेऊन सही केली.

साडेतीन महिन्यांनी पत्र आलं. अर्जदारांच्या विनंतीनुसार नोंद दुरुस्त करण्यात आली होती. तोफगोळ्याचा तुकडा जिथल्या तिथं होता. त्याच्याखाली नवी ओळ चढली होती: पाठलाग करताना गुडघ्यास दुखापत. बापूरावांबद्दल एक अक्षर नव्हतं.

छायाबाईंनी पत्राची घडी घालायच्या आत ते गावाला कळलं होतं. संध्याकाळी चौकात नवा फ्लेक्स लागला: ‘शत्रूचा पाठलाग करणारे, दोनदा जखमी झालेले आपले लाडके वीर’. आधी नुसता फोटो लावायचा विचार होता. आता थेट कमानच ठरली. रिबन छायाबाईंनी कापायची, असं सांगायला सरपंच गुलाबराव चार माणसं घेऊन घरी आले.

“भाऊ,” छायाबाई हळूच म्हणाल्या, “तो शत्रू कोंबडी होती.”

गुलाबराव मोकळेपणानं हसले. “वयनी, ते अवघ्या गावाले ठाऊक हाय. दोन घोट पोटात गेले का दादा सोताच सांगत. पण कोंबडीच्या नावानं कमान कशी उभाराव?”

“अन् बापूराव?”

“ते आष्टीचे. आपल्या गावाले काय त्याचं?”

छायाबाईंनी चहाचे कप पुढे केले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तो आताही चढला नाही.

“गोळे पडून राह्यले होते, भाऊ. समदे खंदकात. हे एकटेच भाईर, कोंबडीमांगं. पडले अन् गुडघा मोडून बसले. ह्यायले आत ओढाले बापूराव भाईर आले, तवा तो तुकडा बसला. माह्या कपाळावर तीस वरस कुंकू राह्यलं, ते त्यायच्या मांडीच्या भरवशावर.”

बाकीच्या चौघांनी माना खाली घातल्या. गुलाबरावांनी चहाचा घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून भोंगा वाजत होता. छायाबाईंनी पूजा आटोपली. उपवास होता, म्हणून डब्यात भाजलेले शेंगदाणे घेतले. डिस्चार्ज बुक आणि ते पत्र पिशवीत घातलं आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या. शेजारच्या सीताबाई नवं लुगडं नेसून निघाल्या होत्या, त्या थांबल्याच.

“अवो माय! रिबन तुमाले कापाची हाय न? कुठं चालल्या?”

“आष्टीले.”

“आजच काऊन? बापूराव काय पळून चालले?”

छायाबाई पुलगावच्या रस्त्याला लागल्या. तिथून आर्वीची एसटी, आर्वीहून दुसरी.

आष्टीचा आज बाजार होता. एकट्या बापूरावांनाच सांगायचं असतं, तर कुठलाही वार चालला असता.