निळ्या डब्याची तक्रार

"हेही नाही," म्हणत बँडमधल्या बेस गिटारवाल्या मुलीने गिटारचा आवाज बदलणारं सातवं पेडल पायाने बंद केलं.

टेबलापलीकडे काका सोल्डरिंग गन बाजूला ठेवून ऐकत होते. दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. भिंतीवर केबली लटकलेल्या, टेबलावर पोट उघडलेली पेडलं.

"कार्यक्रमाला चालेल की," ते म्हणाले. "ड्रमच्या दणदणाटातून वर यायला थोडी खरखर लागतेच. रेकॉर्डिंगला मात्र तीच कानाला खुपते."

"रेकॉर्डिंगचंच तर घोडं अडलंय, काका. परवा आहे. ड्रमवाला म्हणतो, काकूंचा तो आवाज आला नाही तर दुसरं कुणी बघतो."

काकू म्हणजे काकांची बायको. वीस वर्षं त्याच बँडमध्ये बेस वाजवला आणि दोन वर्षांपूर्वी गेली. तिची पेडलं फळीवर फडक्याखाली होती. मुलीची नजर तिकडे गेली.

"तो निळा डबा..."

"त्याला हात लावायचा नाही."

निळा डबा काकांनी बायकोसाठी लग्नाआधी बनवला होता. नाव नाही, एक नॉब, एक लाल दिवा. आत काय आहे, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची." दर रविवारी ती डबा घेऊन दुकानात यायची. नॉब कुरकुरतोय. काका तो पुसायचे, फुंकर मारायचे, मग चहा व्हायचा. लग्न झालं, संसार झाला, पण रविवारची तक्रार काही सुटली नाही. "आता मिस्त्री घरचाच आहे," म्हणायची. बॅटरी तेवढी ती स्वतः बदलायची.

ती गेल्यावर रविवारी काका दुकानात नुसते बसून असत.

मुलगी पेडलं पिशवीत भरू लागली. तोंड एवढंसं झालं होतं. काकांना ते बघवेना. त्यांनी फडकं काढलं.

"घरी जाऊन नवी बॅटरी घाल. आणि नीट ऐक. याच्या जोडीला दुसरं काही लावायचं नाही. तारेवर जोर करायचा नाही, बोटं जरा गिटारच्या मानेकडे सरकव. घाईच्या हाताला हा दाद देत नाही."

तिसऱ्या दिवशी ड्रमवाल्याचा फोन आला. "काका, डोळे मिटले तर काकूच होत्या हो."

रविवारी मुलगी दारात उभी. "काका, नॉब कुरकुरतोय."

काकांनी नॉब फिरवला. "मला नाही ऐकू आलं."

"वयाने होतं तसं."

काका हसले. खूप दिवसांनी. डबा पुसला, फुंकर मारली, चहा झाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. काका रविवारी दाढी करू लागले. दुसरा कप घासून ठेवू लागले.

"एवढा कसा बिघडतो गं हा?"

"ते बनवणाऱ्याला विचारा."

सहाव्या रविवारी तिला कार्यक्रमाला उशीर झाला होता. "काका, आज दिवाच लागत नाहीये. चार वाजता नेते," म्हणत डबा टेकवून ती पळाली.

बॅटरी गेली असणार. काकांनी मागचे चार स्क्रू काढले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी घातलं होतं तेवढंच आत होतं. केबल खोचायच्या या जॅकपासून त्या जॅकपर्यंत सरळ गेलेली एक तार आणि दिव्यापुरती बॅटरी. नॉब कशालाच जोडलेला नव्हता.

बॅटरीखाली मात्र घडी घातलेला एक कागद होता. अक्षर बायकोचं.

"जो कुणी उघडेल त्याला. यात काही नाही, हे मला पहिली बॅटरी बदलतानाच कळलं होतं. आवाज बोटांचा असतो. यांना सांगू नका. फक्त दर रविवारी नॉब कुरकुरतोय म्हणून यांच्याकडे घेऊन जात जा."

खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात दोनच शब्द होते.

"हो, काकू."