डावं मडगार्ड

"ह्या डाव्या मडगार्डवर कोण बसायचं हो?" पावडर कोटिंगवाल्या मुलाणींनी विचारलं.

वडिलांमागे बंद पडलेला द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर वृंदाने दुरुस्तीला काढला होता. सुटे भाग रंगवायला तिने इथे आणले होते. उजव्या मडगार्डचा जुना रंग शाबूत होता. डाव्यावर मात्र परातीएवढ्या जागेत घासून घासून नुसता पत्रा चकाकत होता. वडील तर ट्रॅक्टरला कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.

घरी आई शेंगा फोडत बसली होती. "मला काय ठाऊक? सासूबाईंच्या देखत मी नवऱ्याशेजारी बसणार होय? मी आपली बागेत चालत जायची."

मग कोण बसायचं? वृंदाच्या डोक्यातून ते काही जाईना.

आठवड्याने रंगवलेले भाग आणायला निघाली, तर आई हट्टाने सोबत आली. भट्टीतून निघालेलं मडगार्ड लालभडक झालं होतं. मुलाणींनी ते कौतुकाने पुढे धरलं. आईने डाव्या मडगार्डवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"रंग झकास दिलाय," ती म्हणाली, "पण लई गुळगुळीत केलंत हो. ओढ्याच्या वळणावर घसरायला होईल."