तिसरं पॅराशूट

"मंगळावर उतरायची वाट आजपासून आपल्या कॉलेजातून जाणार!" पाण्याच्या टाकीवर चढून केतकीनं घोषणा केली. केतकी ही रॉकेटवाल्या पोरांची कॅप्टन. मग तिला टाकीवरून उतरवायला चौघं धावले, कारण शिडी रॉकेटला लावली होती.

मंगळावर यान उतरवायला लागतं तसं पॅराशूट आवाजाहून वेगानं जाणाऱ्या रॉकेटमधून उघडायचं आणि ते फाटू द्यायचं नाही, एवढंच काम. आधीच्या दोन्हींच्या चिंध्या झाल्या होत्या. हेही फाटलं तर प्रयोग बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

हे तिसरं हॉस्टेलसमोर शिवणकाम करणाऱ्या हौसामावशींनी शिवलं होतं. पोरांच्या नकाशात शिवणीसाठी जास्तीचं कापडच धरलेलं नव्हतं. "एवढी गणितं करता, अन् माया सोडायचं कळत नाही होय रे?" असं म्हणत मावशींनी ब्लाउजला सोडतात तशी बोटभर माया सोडली आणि वर दुहेरी शिलाई मारली.

रॉकेट सुटलं. बघता बघता ठिपका झालं. माळावरच्या मांडवात सगळे रॉकेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्याला चिकटले.

"उघडलं!"

"फाटलं का?"

"नाही! अख्खं आहे, अख्खं!"

पोरं नाचली. प्राचार्यही नाचले, मग कुणी पाहिलं का ते पाहून थांबले.

केतकीनं मावशींना मिठी मारली. "मावशी, पुढच्या पॅराशूटवर तुमचं नाव लिहिणार! आणखी काय हवं, सांगा!"

"नाव राहू दे गं. तेवढा बोधेबाईंना फोन लाव. रॉकेटमुळे ब्लाउज रखडला म्हटलं, तर त्यांना खोटं वाटतंय."